मदत हवी आहे: लावणीच्या चिखलात लेप्टोपासून घरच्यांना आणि कामाच्या बायांना कसं जपायचं?

कुणगेवाली

नमस्कार मंडळी. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूचा ताप, त्याबद्दल विचारायचंय. कुडाळ तालुक्यात व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला आमचे नऊ कुणगे (भाताची खाचरं) आहेत. तरवा (भाताची रोपं) तयार होत आलाय. पाऊस असाच राहिला तर आठवड्याभरात चिखलणी आणि लगेच लावणी. घरचे पाच आणि रोजाने येणाऱ्या सहा बाया असे अकरा जण दहा-बारा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यात असतील. सासऱ्यांना मधुमेह आहे, टाचांना खोल भेगा आहेत. जाऊबाई पाचव्या महिन्यात आहेत. त्यांचा मुलगा सात वर्षांचा, तो दिवसभर मेरेवर (बांधावर) कुर्ल्या (खेकडे) शोधत फिरतो. गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय.

सगळीकडे "गमबूट घाला" एवढंच सांगतात. लावणीच्या चिखलात गमबूट रुततो, पाय निघतो आणि बूट आतच राहतो, म्हणून कोणी घालत नाही. मला नेमकं हवंय: गोळी कोणी, किती, कधी घ्यायची? बूट नाहीत तर काय? ताप आल्यावर किती थांबायचं? उंदरांचं काय करायचं? आणि शेजारी म्हणतात कुणग्यात ब्लिचिंग पावडर मारूया, ते बरोबर आहे का?

तापाचा_तक्ता

ताई, पावडरीचं खाली कोणीतरी सांगेलच. मी गोळी आणि तापाचं सांगतो.

आधी जंतू शिरतो कुठून ते बघा. उंदराच्या मूत्रपिंडात हा जंतू मुक्कामाला असतो. उंदीर आजारी पडत नाही, पण महिनोन्‌महिने लघवीतून जंतू सोडत राहतो. ती लघवी कुणग्याच्या पाण्यात मिसळते. दोन-तीन तास पाण्यात उभं राहिल्यावर पायाची बोटं पांढरी पडून सुरकुततात ना, त्या मऊ पडलेल्या कातडीतून, भेगांतून, बोटांमधल्या चिखल्यांतून आणि तोंडावर उडालेल्या पाण्यातून डोळ्यांवाटे तो आत जातो. मोठी जखमच हवी असं नाही.

गोळी: डॉक्सिसायक्लिन. प्रौढ माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल एकाच वेळी. पहिला डोस चिखलात उतरण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी, पुढे चिखलाचं काम चालेपर्यंत दर आठवड्याला त्याच वारी. सहा आठवड्यांच्या वर न्यायची नाही. लावणीला दोन-तीन डोस लागतील, बेणणीला (तण काढायला) पुन्हा पाण्यात उतरणार असाल तर तेही या सहांतच धरा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे आताच अकरा जणांची यादी द्या. दुकानातून परस्पर आणून वाटू नका, कारण कोणाला चालत नाही हे आधी बघावं लागतं.

गरोदर बाईला ही गोळी नाही, आठ वर्षांखालच्या मुलालाही नाही. म्हणजे तुमच्या जाऊबाई आणि तो मुलगा दोघंही यादीबाहेर. त्यांच्यासाठी एकच उपाय, पाण्यात उतरायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कामाच्या सहा बायांना हे चारचौघांत विचारू नका, एकेकीला बाजूला घेऊन विचारा. दिवस राहिल्याचं पहिल्या दोन महिन्यांत कोणी मळ्यात जाहीर करत नाही.

गोळीवर किती विसंबायचं? १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांवर हाच साप्ताहिक डोस तपासला होता. नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांत २० जणांना लेप्टो झाला, औषध घेतलेल्यांत एकाला. पण ते काही आठवड्यांसाठी आलेले परके लोक होते. अंदमानात, जिथे लोक कायम त्याच पाण्यात वावरतात, तिथल्या अभ्यासात संसर्ग होणं फारसं थांबलं नाही, आजारी पडण्याचं प्रमाण मात्र कमी झालं. कोकणातली परिस्थिती अंदमानाच्या जवळची. म्हणून गोळी घेतलेल्याला ताप आला तर "याने गोळी घेतलीय, लेप्टो नसेल" असं कोणी म्हणायचं नाही.

भातखाचर

बुटांबद्दल ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. जिथे पाय रुतत नाही तिथे बूट, एवढा नियम ठेवला तर तो पाळला जातो. मेर तासणं, गोठा साफ करणं, शेणखत वाहणं, पॉवर टिलरला डिझेल भरायला जाणं, ही सगळी कामं बुटात होतात. प्रत्यक्ष लावणीत अनवाणी राहणं टळत नाही, मग कातडी जपायची.

सकाळी उतरण्याआधी प्रत्येकाचे पाय बघा. ताजी चीर असेल तर नुसती औषधी पट्टी चिखलात अर्ध्या तासात सुटते. पट्टीच्या वरून पाणी न शिरणारी चिकटपट्टी पूर्ण वळसा घालून लावा आणि दुपारी बदला. उघडी जखम असलेल्याला त्या दिवशी वरचं काम द्या. सासऱ्यांना तर मी कुणग्यात उतरवणारच नाही. मधुमेहात पाय बधिर असतो, काटा रुतलेला कळत नाही आणि जखम भरायला वेळ लागतो. त्यांना मेरेवर बूट घालून तरव्याच्या मुठी पोचवायचं काम द्या.

भेगांना आपल्याकडे भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) कोमट करून भरतात. ती पद्धत चांगली आहे, भेग मऊ राहते आणि बुजते, पण ते रात्री, पाय धुऊन कोरडे केल्यावर. सकाळी भिरंडेल लावून चिखलात उतरलं की जंतू अडतो असं समजू नका. बोटांमधल्या चिखल्या म्हणजे बुरशी. तिला क्लोट्रिमॅझोल मलम दिवसातून दोनदा, आणि कातडी बरी दिसायला लागल्यावरही दोन आठवडे. लावणी आठवड्यावर आलीय, तर आजच सुरू करा.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते दुपारी. हात व्हाळात खळबळवायचे आणि भाकरी खायला बसायचं. व्हाळाचं पाणी म्हणजे वरच्या दहा कुणग्यांचं पाणी. घरून २५ लिटरचा कॅन विहिरीच्या पाण्याने भरून न्या, अकरा जणांना माणशी दोन लिटरला पुरतो. साबणाची वडी दोरीत ओवून कॅनला बांधा, नाहीतर ती पहिल्याच दिवशी चिखलात जाते. आधी हात, मग तोंड, मग पाय. साबणाने हा जंतू मरतो, इतका तो नाजूक आहे. ओल मिळाली की मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो.

भातखाचर

उंदरांचं वेगळं लिहितो, कारण त्याची वेळ निघून चालली आहे. मेरा पाण्याने भिजण्याआधी करायचं काम आहे हे.

संध्याकाळी मेरेवरची सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच जिती. उंदराच्या किंवा घुशीच्या बिळाबाहेर भुसभुशीत मातीचा ढीग असतो, कुर्लीच्या बिळाच्या तोंडाशी ओल्या चिखलाच्या गोळ्या असतात. हा फरक न बघता विष टाकलं तर निम्मं वाया.

झिंक फॉस्फाइड वापरणार असाल तर पहिले दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्या: तांदळाची भरडलेली कणी आणि थोडं खाद्यतेल. उंदीर निर्धास्त खायला लागला की ९६० ग्रॅम कणी, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाइड काठीने मिसळून, जित्या बिळात १० ग्रॅमची कागदी पुडी सरकवून बीळ बुजवायचं. बिनविषारी आमिष टाळलं तर पहिला उंदीर थोडं चाखतो, पोटात दुखतं, आणि मग तो ते आमिष पुन्हा तोंडात धरत नाही. या विषावर उतारा नाही, आणि ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. पाऊस लागला असेल तर हे करूच नका.

पावसात ब्रोमॅडिओलोनच्या मेणाच्या तयार वड्या बऱ्या. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही. मेलेला उंदीर हाताने उचलायचा नाही. प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून उचला, तीच उलटी करून गाठ मारा आणि दोन फूट खोल पुरा.

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा मेरेवर कुर्ल्या शोधत फिरतो. विष ठेवल्यापासून पुडी, वडी सगळं उचलून होईपर्यंत त्याला मेरेवर पाठवायचं नाही, त्याच्या सवंगड्यांच्या घरीही सांगा. आणि हे सगळ्या वाडीने एकाच दिवशी केलं तरच उपयोग. एकट्या तुमच्या नऊ कुणग्यांत केलंत तर आठ दिवसांत शेजारचे उंदीर मोकळ्या बिळांत येतात.

कुणग्यात ब्लिचिंग पावडर नको. चिखलातला पालापाचोळा आणि शेण ती पावडर काही मिनिटांत संपवतं, रोपं करपतात, आणि रात्री उंदीर पुन्हा मुततोच.

दावण

गोठा विसरू नका. गाई-म्हशींनाही लेप्टो होतो आणि पुष्कळदा वरून काही दिसत नाही. दूध अचानक आटणं, वासराला लालसर लघवी, दिवस भरण्याआधी गाभ पडणं, यातलं काही दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पडलेला गाभ किंवा वार उघड्या हाताने ओढू नका. जाऊबाईंनी तर लावणीच्या दिवसांत गोठ्याचं काम करूच नये. दूध उकळूनच प्या.

गोठ्याची मोरी कुठे जाते ते बघा. बऱ्याच घरांत ती सरळ खालच्या कुणग्यात सोडलेली असते. ती वळवून शोषखड्ड्यात न्या. पेंड आणि भरडा गोणीत न ठेवता झाकणाच्या पिंपात ठेवा, गोठ्यातल्या उंदरांचं निम्मं कारण तेच.

ब्लिचिंग पावडर इथे वापरा. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणून १० लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम घेतली की १ टक्क्याचं द्रावण होतं. आधी शेण पूर्ण काढून फरशी धुवा, मग द्रावण ओता, निदान १० मिनिटं राहू द्या, पुन्हा पाणी मारा. शेणावरच ओतलं तर शेणच ते खाऊन टाकतं. उघड्या पिशवीतली पावडर आपल्या पावसाळी हवेत लवकर मरते. गठ्ठे झालेली, वास न येणारी पावडर घेऊ नका. फिनेल किंवा ॲसिडमध्ये कधीच मिसळू नका.

कुणगेवाली

खूप आभार सगळ्यांचे. यादी उद्याच आशाताईंना देते. दोन प्रश्न राहिले. कॅप्सूल सकाळी चहाबरोबर घेतली तर चालेल का? आणि तापाचा_तक्ता, तापाचं तुम्ही अर्धवट सोडलंय. आमच्याकडे पहिले दोन दिवस क्रोसिन घेऊन बघतात.

तापाचा_तक्ता

चहाबरोबर नको. दहाच्या सुमाराला पेज जेवून झाली की घ्या, पेला भरून पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यात घेतली की कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे व्रण होतो. दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध पोटातच अडकतं. या गोळीने काहींची कातडी उन्हात लवकर भाजते, उघडीप असेल तर डोक्यावर इरलं किंवा टोपी असू द्या.

ताप: लावणी चालू असताना आणि संपल्यावर ३० दिवसांपर्यंत कोणालाही ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र. दोन दिवस बघण्यातच घात होतो. सुरुवात बहुधा थंडी वाजून एकदम चढलेल्या तापाने आणि डोकेदुखीने होते. पोटऱ्या दाबून बघा, हलकं दाबलं तरी माणूस कळवळतो. डोळे लाल होतात, पण चिपडं नसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरल्यासारखा वाटतो आणि त्याच सुमारास मूत्रपिंड, यकृत किंवा फुफ्फुस धरलं जाऊ शकतं. डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं, धाप, खोकल्यातून रक्त, यातलं एक जरी दिसलं तरी थेट जिल्हा रुग्णालय, १०८ ला फोन करून.

तापाला पॅरासिटामॉल चालेल. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका, आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडावर ते आणखी घाव घालतं. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, "मी आठ दिवस लावणीला होते."

काचपट्टी

तपासणीची भर घालते. गावात होणारी झटपट चाचणी आणि आयजीएम एलायझा रक्तातली प्रतिद्रव्यं शोधतात, ती साधारण पाचव्या ते सातव्या दिवसानंतर तयार होतात. दुसऱ्या दिवशी चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे लेप्टो नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात पीसीआर (थेट जंतूचा अंश शोधणारी चाचणी) उपयोगी, पण अहवालासाठी औषध थांबवायचं नसतं.

साध्या तपासण्याही बरंच सांगतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात, लेप्टोत बहुधा वाढतात. प्लेटलेट दोन्हीत उतरतात, त्यामुळे नुसत्या प्लेटलेटवर "डेंग्यू" ठरवू नका. लेप्टोच्या काविळीत बिलीरुबिन (रक्तातला पिवळा रंग) खूप चढतं पण एसजीपीटी (यकृताची तपासणी) त्या मानाने थोडंच, साध्या काविळीत एसजीपीटी हजारांत जातं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) पहिल्याच दिवशी करून ठेवा, पुढे तुलनेला लागतं.

कुणगेवाली

धाकटे दीर मुंबईहून लावणीला येतात आणि आठव्या दिवशी परत जातात. त्यांचं काय?

तापाचा_तक्ता

बरं विचारलंत. त्यांचा पहिला डोस इथे, चिखलात उतरण्याआधी, आणि जाताना पुढच्या आठवड्याचा डोस डॉक्टरांना विचारून सोबत द्या. संसर्गानंतर आजार दिसायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात, म्हणजे ताप आला तर तो त्यांना बहुधा मुंबईतच येणार. तिथल्या डॉक्टरांना समोर ऑफिसात जाणारा माणूस दिसेल, ते डेंग्यू-मलेरियाच्या चाचण्या लिहून देतील. एका कागदावर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा: कुडाळला भातलावणी, चिखलात उतरल्याची पहिली आणि शेवटची तारीख, डॉक्सिसायक्लिन घेतल्याच्या तारखा.