प्रतिसाद : लॅबवाल्यांचा काय संबंध?

वर म्हटलंय की संत्र्याची निर्यात हा व्यापाऱ्यांचा खेळ, शास्त्रज्ञांचा काय संबंध. अहो, स्पेनचंच बघा ना. तिकडं संत्र्याची झाडं आंबट नारिंगाच्या खुंटावर (म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात त्या मुळाच्या झाडावर) होती आणि १९५७ ला असल्या खुंटावरची झाडं मारणारा ट्रिस्टेझा व्हायरस सापडला, पुढं कोट्यवधी झाडं गेली. मग तिथले शास्त्रज्ञ लुईस नवारो कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला टिश्यू कल्चरवाले शास्त्रज्ञ मुराशिगे यांच्यासोबत राहून आले, आणि १९७५ मध्ये त्यांनी शेंडा कलमाची पद्धत पक्की केली. म्हणजे मायक्रोस्कोपखाली शेंड्याचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तुकडा कापायचा, तो नळीत वाढवलेल्या कोवळ्या रोपावर बसवायचा, तेवढ्या टोकात बहुतेक वेळा व्हायरस नसतो. अशा रोपांपासून वाढवलेल्या निरोगी मातृवृक्षांचे डोळे (कलमाला लावायच्या कळ्या) नर्सऱ्यांना गेले, खुंटही बदलले, आणि आज ताज्या संत्र्यांच्या निर्यातीत स्पेन जगात आघाडीवर आहे.

नागपूरला सीसीआरआय (केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था) हेच शेंडा कलम करतं. पण आपल्याकडं, मी वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातलंच सांगतो, रोप घेताना भाव आणि उंची बघतात, डोळा कुठल्या झाडाचा, खुंट कुठला हे कोण विचारतं? मग पाच-सात वर्षांनी डिंक्या (खोडातून डिंक गळून झाड वाळवणारा रोग) आला की बांगलादेशनं आपल्या संत्र्यावर लावलेल्या आयात ड्युटीला शिव्या. ड्युटीनं मारलंच, ते खरंय, पण बाग वाळली ती काही ढाक्यामुळं नाही.