अंबडच्या शेडमधली टांगणी: आधी दोराचा ताण बघा
वर विचारलंय की कंपन-चाचणीसाठी ट्रस (दांड्यांच्या त्रिकोणी जोडणीचा सांगाडा) रबरी दोरांनी टांगला, दोर वजनाने २५ सेंमी ताणले, आणि ३ हर्ट्झचा पहिला मोड (ट्रसचं स्वतःचं सर्वांत संथ कंपन) रोज वेगळा येतो. दोष पिझो पट्ट्यांचा (दाबल्या-वाकल्यावर वीज देणाऱ्या पट्ट्यांचा) नाही, टांगणीचा वाटतो. २५ सेंमी ताण म्हणजे टांगलेल्या ट्रसची उभी डोलण्याची वारंवारता १ हर्ट्झ, आणि ती मोडच्या ३ हर्ट्झमध्ये मिसळते. दोर लांबीभर सारखे असतील तर एवढ्यानेच ३ चे ३.१६ होतात (३ आणि १ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ). शिवाय रबर रात्रभरात सैल पडतं, उन्हाने पत्रा तापला की आणखी, आणि हलताना ते स्थिर ताणापेक्षा कडक वागतं.

ताण १ मीटर करा, ०.५ हर्ट्झ मिळेल. त्याहून सोपं म्हणजे ट्रस ९० अंशांत फिरवून वाक आडवा घ्या. मग दोर लंबकासारखे चालतात, ४ मीटर दोराला ०.२५ हर्ट्झ पुरे. अॅक्सेलरोमीटरची (कंपन मोजणाऱ्या सेन्सरची) केबल मात्र लोंबू देऊ नका, ती डॅम्पिंग (कंपन विझण्याचं मोजमाप) फुगवते. बारीक दोऱ्याने छताला बांधा.

०.१ हर्ट्झच्या टांगणीला साधी स्प्रिंग २५ मीटर ताणावी लागेल. म्हणूनच मोठ्या अंतराळयानांच्या चाचणीत हवेच्या सिलिंडरवर भार तोलतात. शेजारचे प्रेस बंद असतानाच रीडिंग घ्या.