मदत हवी आहे : व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्समध्ये २० मिनिटांनंतर टिकायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यात पावसामुळे रेंजचा भरवसा नाही. म्हणून हा गेम मनापासून आवडलाय. फोनवर फुकट आहे आणि नेटशिवायही चालतो.

अडकलोय मॅड फॉरेस्ट या पहिल्या स्टेजमध्ये. ३० मिनिटं काढायची असतात, पण २० च्या पुढे चहूबाजूंनी अशी गर्दी होते की सटकायला फट सापडत नाही. अँटोनियो हे पात्र घेऊन खेळतो. व्हिप (त्याचा चाबूक) आठव्या लेव्हलला नेऊन सोबत हॉलो हार्ट ही जीव वाढवणारी वस्तू ठेवतो, १० मिनिटांनंतर बॉसची पेटी उघडली की ब्लडी टिअर, म्हणजे व्हिपचं सुधारित रूप मिळतं. मारता मारता थोडा जीवही परत येतो, तिथपर्यंत मस्त चालतं.

खरा प्रश्न गार्लिकचा, म्हणजे आपल्याभोवती वलय करून जवळच्या शत्रूंना मारणाऱ्या शस्त्राचा. सुरुवातीला त्याच्यासारखं काही नाही, वटवाघळं अंगाला लागतच नाहीत. पुढे मात्र दणकट शत्रू सरळ आत घुसतात. शस्त्रांच्या जागा सहाच, एकदा घेतलं की अडकलं. मग पुम्मरोला (जीव हळूहळू भरणारी वस्तू) घेऊन त्याचं सोल ईटर हे सुधारित रूप करावं, की गार्लिक घ्यायचंच नाही आणि किंग बायबल (आपल्याभोवती फिरणारी पुस्तकं) सोबत स्पेलबाइंडर (शस्त्रांचा परिणाम जास्त वेळ टिकवणारी वस्तू) धरावं? मला दुसरं बरं वाटतं, कारण ती पुस्तकं मग फिरायची थांबतच नाहीत.

आणि नाणी आधी कशावर घालू, माइट (आपला मार वाढवणारं) की आर्मर (लागणारा मार कमी करणारं)? शेवटी शेवटी फोनही अडखळतो. डॅमेजचे आकडे बंद केलेत, आणखी काही बंद करता येतं का?

ज्यांनी ३० मिनिटं काढलीत त्यांनी आपली सहा शस्त्रं कृपया लिहा.