मदत हवी आहे: अल्जिनेटचे मणी चौथ्या दिवशी मऊ पडतात

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइड्स हा जांभळा जिवाणू कॅल्शियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलच्या) मण्यांत बसवून हायड्रोजन काढतेय. कार्बनसाठी मॅलेट, नायट्रोजनसाठी ग्लुटामेट. अमोनियम मुद्दाम टाळलंय, कारण त्याने नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) बंद पडतं, आणि हायड्रोजन तेच तयार करतं. तापमान 30 अंश, बाटलीत आरगॉन, बाजूला पिवळा बल्ब.

पहिले दोन दिवस वायू छान येतो. उलट्या मोजनळीतलं पाणी खाली सरकताना बघून फार बरं वाटतं! मग मणी फुगायला लागतात. काल, चौथ्या दिवशी, एक चिमटीत धरला तर जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखा पिचला. द्रवही लालसर गढूळ झालाय, म्हणजे पेशी बाहेर पडताहेत.

माझा संशय माध्यमातल्या फॉस्फेटवर आहे. मण्यांना घट्ट धरून ठेवणारं कॅल्शियम ते ओढून घेतं. पण ते कमी केलं तर सामू (pH) सांभाळायचा कसा? मॅलेट संपत जातं तसा तो वर चढतो. कुणी स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमने मणी घट्ट केलेत का? जिवाणूंना ते सोसलं का? की सरळ अगार वापरू? गरम अगारमध्ये पेशी मिसळायची भीती वाटते. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी मण्यांचा आकारही कळवा, माझे 3 मिलिमीटरचे आहेत. पुढची खेप सोमवारी लावायची आहे.