मंडळीच्या (चर्चच्या) पैशावर चालणाऱ्या परदेशातल्या मुलांच्या घराला भेट द्यायला जावं का?

सांजवारा:
आमच्या मंडळीची मदत बरीच वर्षं परदेशातल्या एका मुलांच्या घराला जाते. मोठा आश्रम वगैरे नाही, एक हाऊस मदर, तिचा नवरा आणि आठ-नऊ मुलं, कुणाचे आईवडील वारले, कुणाला घरी मारहाण व्हायची म्हणून कोर्टाने इथे ठेवलंय. आता चर्चचे पाळक म्हणतायत पंधरा-वीस जणांनी भेटीला जाऊया. माझं मत, जाऊ नये. मागच्या ग्रुपचा व्हिडिओ बघितला, एक मुलगी टेबलावर गृहपाठ करतेय, पाहुणे दारात आले तशी तिने वही मिटली, सगळी भिंतीला लागून उभी राहिली आणि स्वागतगीत सुरू. सगळ्यात धाकटा, तीनेक वर्षांचा, समोर आलेल्या पहिल्याच बाईच्या कमरेला बिलगला, सुटेना. खाली सगळ्यांच्या कमेंट, किती लाघवी बाळ! अहो या वयाचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपतं. हे कुणाच्याही कडेवर जातंय याची काळजी वाटायला हवी. आपण दोन दिवस लळा लावणार आणि निघून येणार, पुढच्या वर्षी दुसरा ग्रुप, परत तेच.

वाटसरू:
साफ असहमत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (1:27) अनाथांचा समाचार घ्या असं सांगितलंय, नुसते पैसे पाठवा असं नाही. श्रद्धा बाजूला ठेवली तरी, जिथे बघायला कुणी जात नाही तिथेच मुलांचे हाल होतात. मी एका घराच्या कमिटीवर होतो, अहवाल दरवर्षी छापील, फोटोत मुलांच्या अंगावर नवे कपडे. न कळवता गेलो तर कागदावर तीन बायका कामाला आणि प्रत्यक्षात सोळा वर्षांची एक मुलगी बाकीच्यांना अंघोळी घालत होती, शाळा सोडून. घरी बसून हे कळलं असतं का?

सांजवारा:
तुम्ही केलीत ती तपासणी. तिला दोन जाणती माणसं पुरतात, गिटार घेऊन वीस जण लागत नाहीत. आणि कळवून आलेल्या ग्रुपला ती सोळा वर्षांची मुलगी दिसलीच नसती, तिला त्या दिवशी रांगेत गाणं म्हणायला उभी केली असती.

पिंपळपान:
सांजवारा यांच्याशी सहमत. कंबोडियात 2005 ते 2010 या काळात अनाथालयं 75 टक्क्यांनी वाढली, अनाथ मुलं तेवढी वाढली होती का? तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कोणीतरी एक हयात होतं. पाहुणे आणि देणग्या येतात म्हटल्यावर एजंट गरीब घरांत जाऊन आईबापांना सांगतात, पोरगं आमच्याकडे द्या, शिकेल. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या कायद्याच्या वेळी अशा व्यवहाराला आधुनिक गुलामगिरीत धरलं आणि 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ठरावातही अनाथालयातल्या व्हॉलंटियरगिरीने मुलांचं नुकसान होतं हे आलं. आपल्याला फिरून यायचं असतं म्हणून मुलं लागतात, हे वाईट वाटलं तरी खरं आहे.

उंबरठा:
पिंपळपान, ते शंभर-शंभर खाटांच्या अनाथालयांबद्दल झालं. इथे कुटुंबासारखं घर आहे. ऑस्ट्रियात इम्स्टला हर्मान ग्माइनरने 1949 साली हीच पद्धत सुरू केली, एक आई, थोडी मुलं, स्वतंत्र स्वयंपाकघर. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या मुलांवर झालेल्या अभ्यासातही संस्थेतून पालक-कुटुंबात (परक्या मुलाला घरी सांभाळणाऱ्या कुटुंबात) गेलेली मुलं सुधारली, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त. दोन्हीला एकच माप लावणं त्या हाऊस मदरवर अन्याय आहे. कुठल्याही घरात पाहुणे येतात की. जो मुलगा त्याचा खर्च देणाऱ्या स्पॉन्सरला वर्षानुवर्षं पत्रं लिहितो त्याला ते माणूस एकदा बघावंसं वाटणारच, त्याला काय सांगायचं, अभ्यासात नको म्हटलंय?

पिंपळपान:
पत्रं लिहिणाऱ्या मोठ्या मुलाला त्याचा स्पॉन्सर एकटा भेटला तर माझी हरकत नाही, त्याची इच्छा असेल तर. पण कुठल्या घरात वीस अनोळखी लोक बेडरूमपर्यंत येऊन मुलांचे फोटो काढतात? ज्या मुलाला मारहाणीतून कोर्टाने बाहेर काढलं त्याचा चेहरा आणि गाव आपण स्टेटसला टाकायचं? आणि त्यांचे मामा, आजी कुठे आहेत हे कुणी शोधलंय का? रवांडाने 2012 पासून संस्था बंद करून मुलं नातेवाइकांकडे किंवा पालक-कुटुंबात पाठवायला घेतली. आपल्या वीस तिकिटांच्या पैशात तिथल्या सोशल वर्करचा बराच पगार निघेल, ती आजी शोधेल.

वाटसरू:
तिकिटं रद्द झाली की ते पैसे सोशल वर्करला जातात असं मी तरी कधी बघितलं नाही. लोक बघून आले की आयुष्यभर देतात, न बघितलेल्या घराची देणगी दोन वर्षांत आटते, मग तीच मुलं परत रस्त्यावर. वीस नको, तीन जा, फोटो नको, गाणी नको, सगळं कबूल. भेटच नको हे मात्र मला मान्य नाही.

उंबरठा:
तीन जण चालतील. पण जायचं की नाही हे पाळकांनी का ठरवायचं, त्या हाऊस मदरला विचारा ना. ग्रुप आला की आठ मुलांबरोबर वीस पाहुण्यांचा स्वयंपाक तीच करते आणि ग्रुप गेला की रात्री रडणारं मूलही तीच घेऊन बसते. देणारे आपण, त्यामुळे ती तोंडावर नाही म्हणणार नाही, म्हणून तिथल्या सोशल वर्करमार्फत विचारा.

सांजवारा:
हे पटलं. रविवारी उपासनेनंतर मीटिंग आहे, तिचं उत्तर येईपर्यंत तिकिटं काढू नका असं मांडतो.