पोस्टग्रेस डेटाबेस आवृत्ती १२ वरून १६ वर गेल्यावर जुन्या यूजरांचं लॉगिन बंद : मदत हवी आहे

प्रश्न
पीजी_अपग्रेड या आवृत्ती बदलायच्या टूलने १२ वरून १६ वर आलो. डेटा शाबूत आहे, सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस यूजरने पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं कमांड-लाइन टूल) उघडतं. ॲप्लिकेशनचे जुने यूजर मात्र नेटवर्कवरून आले की 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. पासवर्ड बरोबर आहे, हे तपासलंय. अपग्रेडनंतर केलेला नवा यूजर पीएसक्यूएलमधून आत येतो, पण तोच जावातल्या जुन्या रिपोर्टिंग टूलमध्ये दिला की 'ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड'. पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये (कोणी कुठून, कुठल्या पद्धतीने लॉगिन करायचं ते ठरवणारी फाइल) पूर्वी एमडी५ ही जुनी पासवर्ड-पद्धत होती, आता स्क्रॅम-शा-२५६ ही नवी आहे. तूर्त ट्रस्ट लावून काम सुरू करावं का?

प्रतिसाद १
ट्रस्ट अजिबात लावू नका. पीजी_एचबीए.कॉन्फमधल्या त्या ओळीत बसणाऱ्या पत्त्यावरून कुणीही, कुठल्याही यूजरच्या नावाने, सुपरयूजरच्या सुद्धा, पासवर्डशिवाय आत येईल.

तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत. आवृत्ती १४ पासून पासवर्ड_एन्क्रिप्शन या सेटिंगचं (पासवर्ड कुठल्या पद्धतीने साठवायचा) डीफॉल्ट एमडी५ऐवजी स्क्रॅम-शा-२५६ झालं. पीजी_अपग्रेड जुने हॅश (पासवर्डची साठवलेली सांकेतिक रूपं) जसेच्या तसे आणतं, आणि एमडी५ हॅशवरून स्क्रॅमची पडताळणी होऊच शकत नाही. क्लायंटला मुद्दाम मोघम एरर दिली जाते. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या एररखालच्या डीटेल ओळीत सापडेल : यूजरकडे व्हॅलिड स्क्रॅम सीक्रेट नाही. सुपरयूजरने पीजी_ऑथआयडी या सिस्टिम टेबलमधला रोलपासवर्ड कॉलम पाहावा. सुरुवात 'एमडी५'ने असेल तर तो यूजर जुना, 'स्क्रॅम-शा-२५६'ने असेल तर नवा.

दुसरा बिघाड ड्रायव्हरचा, म्हणजे ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचा. टाइप १० म्हणजे स्क्रॅम. जावाच्या जेडीबीसी ड्रायव्हरला ते ४२.२.० पासून कळतं, लिबपीक्यूला (पीएसक्यूएल वापरतं ती सी लायब्ररी) १० पासून.

आत्ता एचबीएमधल्या त्या ओळीत पुन्हा एमडी५ लिहा आणि पीजी_रीलोड_कॉन्फ() चालवा, रीस्टार्ट लागत नाही. वरून खाली पहिली जुळणारी ओळच लागू होते, त्यामुळे योग्य ओळ बदलताय ना ते बघा. एमडी५ लिहिलं तरी ज्याचा हॅश स्क्रॅमचा आहे त्याच्याशी सर्व्हर स्क्रॅमनेच बोलतो. म्हणून जुने यूजर लगेच सुरू होतील, पण नवा यूजर त्या जुन्या टूलमध्ये तरीही चालणार नाही.

याच कारणाने पुढचा क्रम चुकवू नका : आधी सगळे ड्रायव्हर अपडेट, मग पासवर्ड, एचबीएमध्ये स्क्रॅम सगळ्यात शेवटी. पासवर्ड आधी बदललात तर आज चालणारं एखादं जुनं ॲप बंद पडेल.

प्रतिसाद २
पासवर्डाबद्दल थोडी भर. नवा शोधायची गरज नाही, तोच पुन्हा सेट केला तरी हॅश स्क्रॅमचा होतो आणि ॲप्लिकेशनच्या सेटिंग्ज तशाच राहतात. त्याआधी 'शो पासवर्ड_एन्क्रिप्शन' नक्की चालवा. जुनी पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ कॉपी करून आणली असेल आणि तिच्यात एमडी५ असेल, तर इतकी मेहनत करून पुन्हा एमडी५ हॅशच पडतील.

पासवर्ड पीएसक्यूएलच्या बॅकस्लॅश-पासवर्ड कमांडने बदला. ती हॅश क्लायंटकडेच बनवून पाठवते. ऑल्टर रोलमध्ये साधा पासवर्ड लिहिला तर तो सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडा पडू शकतो.

प्रश्नकर्ता
एमडी५ करून रीलोड केलं, जुने यूजर सुरू झाले. मनापासून आभार! एका ॲपपुढे पीजीबाउन्सर (ॲप आणि पोस्टग्रेसच्या मधे बसून कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम) आहे आणि त्याच्या यूजरलिस्ट.टीएक्सटीमध्ये एमडी५ हॅश आहेत. तिथे काय करायचं?

प्रतिसाद २
त्या हॅशवरून पीजीबाउन्सरला सर्व्हरवर स्क्रॅम लॉगिन करता येणार नाही. पासवर्ड बदलल्यावर रोलपासवर्डमधली पूर्ण स्ट्रिंग, एकही अक्षर न बदलता, यूजरलिस्टमध्ये टाका आणि पीजीबाउन्सरची ऑथ_टाइप सेटिंग स्क्रॅम-शा-२५६ करा. सॉल्ट (हॅश बनवताना मिसळलेला यादृच्छिक भाग) वेगळा असला तर चालत नाही, म्हणून त्या यूजरचा पासवर्ड पुन्हा कधी बदलला, अगदी तोच ठेवला तरी, स्ट्रिंग नव्याने कॉपी करावी लागेल. त्यानंतर पीजीबाउन्सरच्या ॲडमिन कन्सोलवर रीलोड द्या.