मास्क कोणाच्या तोंडावर?
‘टीबीपुढे साधा सर्जिकल मास्क कुचकामी, एन-९५ नसेल तर घालूच नये’ हे मत अनेकदा ऐकू येतं, पण ते अर्धंच पटलं. घालणाऱ्याच्या बचावापुरतं ते मत ठीक आहे, साध्या मास्कच्या कडांतून हवा आत शिरतेच. पण तोच मास्क खोकणाऱ्या रुग्णाला लावला तर? दक्षिण आफ्रिकेत एमडीआर टीबीच्या (म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) वॉर्डातली हवा गिनिपिगांच्या दोन खोल्यांत सोडून हे तपासलं गेलं, निष्कर्ष २०१२ साली छापून आले. रुग्णांनी मास्क लावलेल्या दिवसांची हवा एका खोलीत, बिनमास्क दिवसांची दुसरीत. प्रत्येकी ९० प्राणी. बिनमास्कवाल्या खोलीत ६९ जणांना संसर्ग झाला (बिचारे!), मास्कवाल्या खोलीत ३६ जणांना.

आता ३६ म्हणजेही काही थोडे नाहीत. म्हणून नर्स, वॉर्डबॉय यांना एन-९५ हवाच, आणि एसीसाठी बंद केलेल्या ओपीडीच्या खिडक्या आधी उघडा.